दुसऱ्या चौकोनातली अंबूताई

सप्तापूर, धारवाड
मंगळवार, १७ फेब्रुवारी

ती. अंबूताईस,

पद्मनाभाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. डावा गुडघा पूर्वीपासूनच असहकार करतो, तेव्हा सात अंगांचा धरून चाल.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझी साखर किती, रक्तदाब किती, गुरुवारी ऑपरेशन आहे ते उजव्या डोळ्याचं की डाव्या, आणि तुझं ते एककल्ली मांजर जेवतं का, हे सगळं जाणून घ्यायची मनापासून इच्छा आहे. मथुरेने तुला नमस्कार सांगितला आहे. तिने आणखीही काही सांगितलं आहे, पण ते माझ्याबद्दल आहे आणि पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा फोन गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला आला. मोतीबिंदू पिकलाय, एकोणीसला बेळगावातच ऑपरेशन ठरलंय, माझा लेक श्रीवत्स कॅनडाहून एवढ्यासाठी येऊ शकत नाही, पंधरा दिवस डोळ्यांत वेळेवर थेंब घालायला कोणीतरी हवं, तुला सवड असेल तर ये, नसेल तर मी ताशी बाई ठेवीन, घाई काही नाही, सावकाश कळव, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, विचार करून कळवतो. त्याला आज एकवीस दिवस झाले. धारवाडहून बेळगाव दोन तासांवर आहे. मोजणीखात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, एवढ्या दिवसांत मी साखळी टाकत टाकत, वाटेतल्या प्रत्येक बांधावर थांबून आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची भांडणं ऐकूनसुद्धा तुझ्या दारात पोचलो असतो. तरी पोचलो नाही. का पोचलो नाही याचा खुलासा करण्यासाठी हे पत्र.

ताई, मी रिकामा बसलो नव्हतो. मी निर्णय घ्यायला शिकत होतो. तुझा फोन यायच्या आधीच्या रविवारी मी हुबळीला एका कार्यशाळेला गेलो होतो, विषय 'अग्रक्रम ठरवा, चिरकाल यश मिळवा'. (साठाव्या वर्षी चिरकाल म्हणजे नेमका किती, हे मला विचारायचं होतं, पण जेवणाची सुट्टी झाली.) लग्नाचं कार्यालय, मागे कुठल्याशा वधूवरांच्या नावाचा फुलांचा बोर्ड तसाच, आणि पुढे संजीव नावाचा तिशीचा मार्गदर्शक. त्याच्या गालाला एक बारीकशी तार चिकटवलेली होती. मला वाटलं दातांचं काही दुखणं असावं, मग कळलं तो मायक्रोफोन. माणूस गोड, कानडी-मराठी दोन्ही फर्डं. यशस्वी निवृत्ती आणि अयशस्वी निवृत्ती यांत फरक कशाचा, असं त्याने विचारलं. मी हात वर करून म्हणालो, पेन्शनचा. सगळे हसले, तो हसला नाही. मग त्याने फळ्यावर चार चौकोन काढले. पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचं. दुसऱ्यात महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. तिसऱ्यात तातडीचं, पण महत्त्वाचं नाही. चौथ्यात दोन्ही नाही. आपली सगळी कामं या चार घरांत वाटा, म्हणाला, आणि सकाळी उठल्याबरोबर नजर पडेल अशा जागी लावा.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. जन्मभर लोकांच्या जमिनींचे चौकोन केले, पण स्वतःच्या आयुष्याचा एकही नकाशा काढला नाही, या विचाराने मी चिगरी बसमध्ये हुबळीपासून धारवाडपर्यंत अस्वस्थ होतो. तुझा फोन तीन दिवस आधी आला असता तर मी साध्या माणसासारखा 'येतो' म्हणून मोकळा झालो असतो. पण तू मंगळवारी केलास, आणि तोवर मी शहाणा झालो होतो.

आता चौकोन लावायचे कुठे, हा प्रश्न आला. फ्रिजच्या दारावर जागा नव्हती. तिथे गॅसवाल्याचा नंबर, दोन लग्नपत्रिका आणि मथुरेची उपवासांची यादी असते, आणि त्या यादीला हात लावणाऱ्याला उपवास घडतो. भिंतींना गणपतीच्या आधी रंग दिलाय, त्यांच्याकडे मथुरा मला बघूसुद्धा देत नाही. सकाळी उठल्याबरोबर माझी नजर पडते ती अंगणावर, कारण दूध आणि पेपर आणायला मीच जातो. म्हणून मी माळ्यावरून जुनी फीत, चार खुंट्या आणि दोरी काढली आणि चार बाय चारचा बिनचूक चौकोन अंगणात आखला. (कर्ण मोजून पाहिले. सुताइतकाही फरक नव्हता.) आत पांढऱ्या फक्कीने कामांचे फक्त आकडे घातले आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं काम, हे डायरीत लिहून ठेवलं. आपण काय महत्त्वाचं मानतो हे साऱ्या सप्तापूरला कशाला कळायला हवं?

एकूण सतरा कामं निघाली. पहिल्या चौकोनात चौदा नंबर होता, माझं भाषण. आमच्या निवृत्त कर्मचारी संघाचा वार्षिक मेळावा वीस तारखेला आहे. मी कार्यशाळेला जाऊन आलोय हे कळल्यावर त्यांनी मला 'जीवनात अग्रक्रम कसे ठरवावेत' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं, वर शाल आणि श्रीफळ. पस्तीस वर्षांत मला खात्याने एक मेमो सोडून काही दिलेलं नाही, तेव्हा शालीचं मला थोडं अप्रूप होतं हे कबूल करतो. तू सात नंबर होतीस. तुला मी दुसऱ्या चौकोनात घातलं. महत्त्वाची, पण तातडीची नाही. ऑपरेशनला तीन आठवडे होते, आणि तूच म्हणाली होतीस की घाई नाही. मथुरेचा कुकर चौथ्यात होता. तो हुबळीच्या कमरीपेठेत दुरुस्तीला टाकलाय, कधी ते मला आठवत नव्हतं. मथुरेने ती डायरी वाचली. वाचून ती काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात ती काहीच न बोलण्याचे प्रसंग तीन, आणि तिन्ही मला तारखेसकट पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर माझ्या चौकोनांचं कमळ झालेलं. गुलाबी पाकळ्या, पिवळा देठ, आणि जिथे तू होतीस तिथे हिरवा पोपट. आमची कामवाली हिराबाई साडेसहाला येते, सडा घालते, रांगोळी काढते. तिला विचारलं तर ती मलाच विचारायला लागली, वैनींच्या हाताला काय झालंय का? सायेबांनी काढल्याली बघून लई वाईट वाटलं, म्हणून जरा नीट करून दिली. मी तिला समजावलं की ही रांगोळी नसून नियोजन आहे. तिने मान हलवली. त्यानंतर ती माझ्या रेघांना हात लावत नसे, पण सडा घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही आणि सड्यापुढे फक्की टिकत नाही. म्हणजे रोज माझं आयुष्य साडेसहाला धुऊन निघे आणि सातला मी ते फीत घेऊन पुन्हा आखायला बसे. गल्लीतल्या बायका फाटकाशी थांबायला लागल्या. दूधवाला तर दोन दिवस आत पाऊल टाकेना. आकडे, चौकोन आणि वाकून बसलेला म्हातारा पाहून त्याला ही करणी वाटली. मी त्याला कानडीत सगळा सिद्धांत समजावून सांगितला, तेव्हा त्याची खात्रीच पटली.

मग एके दिवशी हिराबाई आली नाही. चार दिवस आली नाही, निरोपही नाही. मथुरा चिडली, पण मला मात्र बरं वाटलं, कारण माझा नकाशा पहिल्यांदाच एका रात्रीहून जास्त टिकला. गंमत अशी, की गल्लीतलं तांबडं कुत्रं रोज दुपारी येऊन त्या नकाशावर झोपायला लागलं, आणि तेही नेमकं दुसऱ्या चौकोनात, म्हणजे तुझ्यावर. मला कुतूहल वाटलं. मी खुर्ची टाकून पाहत बसलो. (मेळाव्याचं भाषण लिहायचं होतं, पण हे निरीक्षण जास्त तातडीचं वाटलं.) पहिल्या चौकोनात सगळ्यांची ये-जा, तिसऱ्यात नळाचं पाणी, चौथ्यात मुंग्या. दुसऱ्यात सावली, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. जे महत्त्वाचं आहे पण तातडीचं नाही, तिथे आपल्याला कोणी उठवणार नाही, हे कुत्र्याला कार्यशाळेशिवाय कळलं होतं. मी ते डायरीत टिपून ठेवलं आणि तुला फोन करायचा राहून गेला.

पाचव्या दिवशी हिराबाई उगवली. अळणावरजवळ तिचं माहेर. भावजय विहिरीवर घसरून पाय मोडून घेऊन बसली, भाऊ ऊसतोडीला गेलेला, म्हणून ही गेली होती. मथुरेचं बोलून झाल्यावर मी तिला पायरीवर बसवलं आणि खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, की बाई, तुझी चार घरची कामं, तुझ्या मुलीची परीक्षा, हे सगळं असताना जायचं हे तू ठरवलंस कसं? आधी काय धरलंस, मागाहून काय धरलंस? ती पदर खोचत उठली. मग म्हणाली, "ठरवायला कुठला येळ वो सायेब? अळणावरची गाडी सुटालती की." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला हे उत्तर फारच अशास्त्रीय वाटलं. तरी ते डायरीत लिहिलं, आणि त्या दिवसापासून ते मला टोचतंय.

दरम्यान तारीख जवळ येत चालली तसा तुझा सात नंबर दुसऱ्या चौकोनातून पहिल्यात न्यायला हवा होता. संजीवचा नियमच तसा. पण पहिल्यात चौदा नंबर बसलेला, आणि एकोणीसला तुझ्याकडे असलो तर वीसला शाल घ्यायला इथे कोण? दोन्ही एका घरात मावेनात. म्हणून मी तुला रोज रेघेच्या थोडं जवळ आणत होतो. परवा तर तू बरोबर रेघेवर होतीस. (बांधावरचं झाड कोणाचं, या एका प्रश्नावर मी हयातभर पंचनामे केलेत. दोघेही आपलं म्हणतात आणि पाणी कोणीच घालत नाही.) भाषण मात्र छान होत आलं होतं. त्यात 'जीवनात सर्वप्रथम आपली माणसं' असं एक वाक्य मला सुचलं. मी ते मथुरेला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने परातीतल्या कणकेवरून मान वर न करता विचारलं, "कुठली?"

काल सोमवारी तिने मला हुबळीला पाठवलं. कुकर घेतल्याशिवाय परत यायचं नाही म्हणाली. कमरीपेठेत विनायक नावाचा एक कुकर-स्टोव्ह दुरुस्त करणारा आहे, दहा बाय आठचं दुकान, आणि तो स्वतः कुकरांच्या मधोमध बसलेला. मी गेलो तेव्हा एक बाई त्याच्या डोक्यावर उभी राहून शिट्टी बसवून घेत होती. तिचं झालं, मग दुसरीचं झालं. माझं कुतूहल जागं झालं. इतकी कामं पडलेली असताना आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे तो कसं ठरवतो, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ठरवायचं काय त्यात, जो समोर उभा राहून कटकट करतो त्याचं आधी. आणि जो करत नाही त्याचं? त्याने हातातल्या पान्याने वर फळीकडे दाखवलं. तिथे पाचसहा कुकर धूळ खात होते. ते सगळे सज्जनांचे, म्हणाला, सावकाश द्या म्हणून गेलेली माणसं. राहूनच जातं बघा त्यांचं, मनात असून राहतं. त्या फळीवर डावीकडून दुसरा कुकर आमचा होता, ताई. झाकणावर मथुरेच्या माहेरचं नाव कोरलंय. मी म्हणालो, अहो हा माझा, आणि बायको म्हणते दसऱ्यापासून पडलाय. तो शांतपणे म्हणाला, "होय की अण्णा. 'सावकाश माडरी, गडबड नाही' असं तुम्हीच म्हणाला होतात."

रबर बदलायला त्याला सात मिनिटं लागली. मी कुकर मांडीवर घेऊन परतीच्या बसमध्ये बसलो, आणि मला फोनवरचा तुझा आवाज ऐकू यायला लागला. घाई काही नाही, सावकाश कळव. तू जन्मभर हेच म्हणत आलीस. ताई, मला लाज वाटली. शेजारचा माणूस कुकरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होता, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मला तो जून आठवला. आई उन्हाळ्यात गेली होती, मी सहाचा, तू एकोणीसची. तुला धारवाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जागा मिळाली होती, वह्यासुद्धा आणून ठेवल्या होत्यास. आणि माझे डोळे आले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. तू कोमट पाण्यात कापूस बुडवून त्या सोडवायचीस आणि थेंब घालायचीस, आणि मी किंचाळायचो. मग दिवसभर तुझ्या वेणीचं टोक मुठीत धरून मी तुझ्यामागे फिरायचो, चुलीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून चुलीपर्यंत. दिसत काही नव्हतं, पण कुठे आपटल्याचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तुझी आलेखाची ती बारीक चौकोनांची वही तू मला चित्रं काढायला देऊन टाकली होतीस. माझं पहिलं शेत मी त्याच वहीत आखलं.

असो. पत्र फार लांबलं. एकंदर सर्व बाबी विचारात घेता, अग्रक्रमांचा साधकबाधक विचार करून, चिरकाल टिकणारा असा निर्णय लवकरात लवकर कळवण्याची तजवीज करतो. मांजराला माझा आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
पद्मनाभ

ता. क. – वरचा शेवटचा परिच्छेद सवयीने लिहिला गेला, खात्यातून आलेल्या पत्रांना असाच शेवट असतो. तो वाचू नकोस. उद्या सकाळच्या बसने मी निघतोय. आज सकाळी अंगणात गेलो आणि फीत न घेता परत आलो. हिराबाईने विचारलं, आज न्हाई व्हय काढायची? मी म्हणालो, तूच काढ. संघाला कळवलं की भाषणाच्या विषयात थोडी अडचण निर्माण झाली आहे.

ता. क. २ – कपडे भरायला बॅग शोधत होतो. दाराआडून मथुरेने काढून दिली, भरलेली. धोतरं, औषधं, गुडघ्याची पट्टी, तुझ्यासाठी चटणीपूड. सत्तावीस तारखेला तुझा फोन ठेवल्या ठेवल्या तिने ती भरली होती म्हणे, आणि तासाभराने तुला उलटा फोन करून 'वन्सं, हे येताहेत' असं सांगूनही टाकलं होतं. म्हणजे मी येणार हे तुला ठाऊक, तिला ठाऊक, हिराबाईलाही ठाऊक. विचार करून ठरवत बसलो होतो तो मी एकटा. त्या बॅगेवर पाय ठेवून मी एकवीस दिवस चपलेचा पट्टा लावत आलो. मला वाटलं, बोहारणीला द्यायचे जुने कपडे असतील. शाल मथुराच जाऊन घेणार आहे. ती म्हणते, ती तिचीच आहे.

ता. क. ३ – पत्र पाकिटात घातलं आणि लक्षात आलं की ते तू वाचणार कशी? पोचेल तेव्हा तुझ्या डोळ्यावर पट्टी, आणि पुढे काही दिवस वाचायला मनाई. तेव्हा टपालात न टाकता बरोबरच आणतो आणि मीच वाचून दाखवतो. (कंसातला मजकूर गाळीन.)

ता. क. ४ – खरं काम इथून पुढे. आत्ता मी तुझ्या खाटेशी बसून हे वाचत असेन, तेव्हा 'पुढे वाच' म्हणू नकोस. चौपन्न वर्षं विचारायचं राहिलं, कारण तू कधी समोर उभी राहून कटकट केली नाहीस. त्या जूनमध्ये तू कसं ठरवलंस? कॉलेज कुठल्या चौकोनात होतं आणि मी कुठल्या? जड वाटलं तर उत्तर देऊ नकोस, सावकाशही देऊ नकोस. थेंबांची वेळ झालेली असेल. मला वेणी नाही, तेव्हा तू नुसती माझ्या शर्टाची बाही धर.